रिकामी डिस्क

“त्यानंच विचारलं, मी हो म्हटलं,” नवरा म्हणाला, आणि कपातली साय बोटानं बाजूला सारून त्यानं चहाचा घोट घेतला. ती अजून दारातच होती. सुट्टीच्या दिवशी मोठी पाइपलाइन फुटली म्हणून पाणीपुरवठ्याच्या ऑफिसनं तिला बोलावून घेतलं होतं, आणि नकाशा छातीशी धरून खड्ड्याच्या काठावर उभं राहता राहता तिच्या बुटांत गार पाणी शिरलं होतं. एक बूट निघाला होता, दुसरा पायाला चिकटून बसला होता. “कुणी विचारलं?” “कॉम्प्युटरनं गं. साळूचे फोटो ठेवायला जागाच उरली नव्हती त्याच्यात. म्हणून त्या दुसऱ्या डिस्कवर क्लिक केलं, तर म्हणतो कसा, ही डिस्क वापरायची तर आधी फॉरमॅट करावी लागेल, करू का? म्हटलं, कर बाबा. घटकेत झालं. तसंही काही नव्हतं तिच्यात. रिकामीच होती.” तिनं वाकून दुसरा बूट ओढला. बुटाबरोबर मोजाही आला, आणि ओल्या, सुरकुतलेल्या, पांढऱ्याफटक पावलाकडे ती पाहत राहिली. हे पाऊल आपलंच का, असं तिला उगीचच वाटलं. “चहा ठेवलाय झाकून,” तो म्हणाला. त्याच्या आवाजात काही नव्हतं. एखादं काम हातावेगळं झाल्यावर माणसाचा आवाज जसा हलका होतो, तेवढंच.

रिकामीच होती. आतल्या खोलीत येऊन ती टेबलापाशी बसली. पडद्यावर ओल्या दगडी पायऱ्यांचं चित्र होतं. ते साळूनं लावलेलं. साळू म्हणजे त्याची पहिली बायको. चार वर्षांमागं दुखण्यात गेलेली. साळू हे लाडाचं नाव, पण कॉम्प्युटर तेच नाव घेऊन रोज दार उघडायचा: स्वागत, साळू. लग्न होऊन ती या घरात आली तेव्हा त्यानं सगळं घर मोकळ्या मनानं दाखवलं होतं. हे कपाट तुझं, ही खिडकीजवळची बाजू तुझी. टेबलापाशी आल्यावर मात्र तो थोडा थांबला होता. “हा वापर हवा तेवढा. फक्त त्यातलं काही हलवू नकोस हं. तिनं लावलंय तसं असू दे.” तिनंही मान हलवली होती. गेलेल्या माणसाशी भांडायचं कोण? साळू डावखुरी होती. माउसची बटणंसुद्धा तिनं डाव्या हाताच्या सोयीनं उलटी करून घेतलेली, आणि मागाहून नवऱ्यालाही तीच सवय लागलेली. त्यामुळे लग्नानंतर कितीतरी महिने ही भलत्या बोटानं क्लिक करीत राहिली. ऑफिसात गेलं की सुलटं, घरी आलं की उलटं. घरी चुकून सुलटं बोट पडलं, की काहीतरी निराळीच यादी उघडायची, परक्या घरात भलतंच कपाट उघडावं तशी, आणि ती घाईघाईनं बंद करायची. कुणी पाहत नसायचं, तरी कान तापायचे.

तिची आणि नवऱ्याची ओळखही खुर्चीत बसूनच झाली होती. त्याचं चष्म्याचं दुकान. नकाशातल्या बारीक रेघा दुहेरी दिसू लागल्या म्हणून ती गेली, तर त्यानं नाकावर ती जड चौकट चढवून काचा बदलत बदलत विचारायला सुरुवात केली. आता सांगा, पहिलं चांगलं दिसतं की दुसरं? पहिलं? की दुसरं? ती गोंधळून म्हणाली, दोन्ही सारखंच. तो हसला होता. “सारखं नसतं हो कधी. लोक घाबरतात चुकीचं सांगायला. घाबरू नका, हे काही लग्न नाही.” त्यावर दुकानातल्या दुसऱ्या खुर्चीतल्या आजीबाई खो खो हसल्या होत्या. पुढे ते लग्नच ठरलं, आणि हा विनोद त्यानं ओळखीच्या सगळ्यांना सांगून झाला. ती दर वेळी हसे. दर वेळी तिला वाटे, प्रश्न त्यानं आपल्याला विचारला. आपण त्याला कधी विचारला नाही. त्याला तुम्ही-तुम्ही म्हणण्यात दोन वर्षं गेली. एकदा एका जुन्या व्हिडिओत साळूचा आवाज तिच्या कानावर पडला होता: “अरे, हलवू नको ना हात, मेल्या!” इतका सैल, इतका घरचा आवाज. त्या दिवशी भाजी चिरताना ती मनातल्या मनात नवऱ्याला ‘अरे’ म्हणून पाहत होती. जिभेला ते जमेना. ती जागा आधीच कुणीतरी घेतली होती.

दुसरी सिस्टीम टाकायची कल्पना ताईची. ताई म्हणजे हिची थोरली बहीण, एका शाळेत कॉम्प्युटरच्या लॅबची बाई; पोरांना ओरडून ओरडून घसा कायमचा बसलेला. ऑफिसनं घरून नकाशे काढायला परवानगी दिली, पण नकाशांचा प्रोग्रॅम साळूच्या जुनाट सिस्टीमवर चालेना. ताई फोनवर म्हणाली, “मग टाक की नवी. ती हलवायची नाही ना? नको हलवूस. दुसरी डिस्क आहे का बघ आत. तिच्यावर तुझा वेगळा संसार थाट.” “दुसरेपणावर दुसरी डिस्क,” ती म्हणाली. “अगं, थोरलीला दुखवायचं नाही आणि धाकटीनं उपाशी मरायचं नाही, याला हाच उपाय. नवऱ्याला विचार आणि कॉम्प्युटरचा डबा उघड.” नवरा वर्तमानपत्रातून मान वर न करता म्हणाला होता, “दुसरी? हो, आहे वाटतं. साळूनंच बसवली होती कधीतरी. रिकामीच आहे. तिच्यावर काय हवं ते कर. फक्त पहिलीला धक्का नको.”

डबा उघडल्यावर आतून कोंदट, गोडसर वास आला होता. धुळीची मऊ गादी होती. साळूच्या काळची धूळ, तिच्या मनात आलं, आणि फुंकर मारायला पुढे केलेलं तोंड तिनं मागं घेतलं. दुसरी डिस्क खालच्या खणात होती. चारऐवजी दोनच स्क्रू, तेही तिरपे. आणि लोंबणारी केबल बाजूला बांधली होती ती केसांच्या रबरानं. किरमिजी रंगाचं, कापड गुंडाळलेलं रबर. त्यात एक लांब केस अडकलेला. तो केस तिनं ओढून काढला नाही. कुणाच्या तरी पाठीवरून मोकळे केस पसरलेत, दातात स्क्रूड्रायव्हर धरलाय, आणि बांधायला दुसरं काही हाताशी नाही म्हणून केसांतलंच रबर ओढून काढलंय, असं चित्र डोळ्यांसमोर आलं; पण चेहरा येईना. “आहेस ना?” फोनमधून ताई. “आता पहिलीची केबल काढून ठेव. तिला घरातच ठेवू नकोस काम होईपर्यंत. नाहीतर तुझा हात चुकायचा आणि भलतीच पुसली जायची. आमच्या लॅबमध्ये हाच नियम. जिला जपायचं तिला आधी बाहेर काढायचं.” तिनं पहिलीची केबल काढली. नवी सिस्टीम भरलेला पेनड्राइव्ह लावला. पडद्यावर दुसऱ्या डिस्कचं चित्र आलं, एक लांब आडवी पट्टी. ती सगळी पांढरी असेल असं तिला वाटलं होतं. पण बराचसा भाग राखाडी होता, आणि त्यावर लिहिलं होतं: अनोळखी. “ताई, इथं अनोळखी म्हणून काहीतरी दाखवतंय.” “अनोळखी म्हणजे कचरा. कारखान्यातून येतानाच असतं काहीबाही. तुझा नवरा काय म्हणाला?” “रिकामीच आहे म्हणाला.” “मग झालं तर. पुढे हो.” या डिस्कवरचं सगळं पुसलं जाईल. पुढे जायचं? तिनं हो म्हटलं. राखाडी पट्टा गेला. मग त्यानं विचारलं, तुमचं नाव काय? या घरात हा प्रश्न पहिल्यांदाच कुणीतरी विचारीत होतं. तिनं आईनं ठेवलेलं लाडाचं नाव सावकाश, एकेक अक्षर दाबून लिहिलं, आणि तिचे डोळे भरून आले होते. “रडतेस काय, खुळे?” ताई म्हणाली. “यंत्र आहे ते. सगळ्यांनाच विचारतं.”

गंमत पुढेच झाली. पहिलीची केबल पुन्हा लावली, बटण दाबलं, तर पुन्हा आपलं स्वागत, साळू. नव्या सिस्टीमचा मागमूस नाही. “असं होणारच,” ताई म्हणाली, “तू बसलीस तेव्हा थोरली घरात नव्हती ना? तिच्या यादीत तुझं नाव कुणी लिहिलंच नाही. तिच्या लेखी तू आलीच नाहीस.” मग ताईनं युक्ती सांगितली. सुरू होताहोताच एक बटण दाबत राहायचं, म्हणजे मशीनची आपली स्वतःची यादी येते, त्यातून आपलं नाव निवडायचं. क्षणभर उशीर झाला की संपलं, साळू. यादीत तीन ओळी होत्या. पहिली डिस्क, तिची नवी सिस्टीम, आणि आणखी एक ओळ, जिच्यावर गेलं की नुसता काळा पडदा आणि लुकलुकणारी रेघ. “जुनं काहीतरी राहिलेलं असेल. तिकडे बघूच नकोस,” ताई म्हणाली, आणि तिनं पुन्हा बघितलं नाही.

तेव्हापासून संध्याकाळ झाली, की घरात तिची तेवढी एक गोष्ट असे. बटण दाबायचं, बोट दुसऱ्या बटणावर टेकवून श्वास धरायचा, आणि आपल्या नावाचं दार उघडायचं. माउस सुलटा. मागं कसलंही चित्र नाही, साधा निळा रंग. आधी ऑफिसचं काम करायची. जुन्या नळांच्या रेघा तुटक, नव्यांच्या सलग. साहेबांची ताकीद होती, बंद लाइन नकाशातून कधी पुसायची नाही. जमिनीखाली ती असतेच, खणणाऱ्याला कळायला हवं. काम संपलं की ती एक घर काढीत बसे. कुणाचंच नसलेलं. भिंती न काढता आधी पाणी काढायची. कुठून येतं, कुठं वळतं, कुठं थांबतं. मोरी, स्वयंपाकघर, अंगणातला एक नळ. पाण्याची वाट ठरली, की तिच्या कडेनं खोल्या आपोआप उभ्या राहतील, असं तिला वाटे. अजून एकही भिंत उभी राहिली नव्हती. निळ्या पडद्यावर नुसते पाण्याचे रस्ते होते. नवऱ्याला तिनं ते कधी दाखवलं नाही, आणि त्यानं कधी विचारलं नाही. आज त्यानं साळूच्या दारातून आत येऊन त्या डिस्कवर क्लिक केलं होतं, आणि साळूची सिस्टीम खरंच बोलली होती तिच्या परीनं: इथं काय आहे ते मला ओळखता येत नाही, पुसू का?

तिनं मशीन बंद केलं, पुन्हा सुरू केलं, बटण दाबून धरलं. यादी आली. तिचं नाव तिथं होतं! क्षणभर काळजात लख्ख झालं. ती त्या ओळीवर गेली. काळा पडदा. एका कोपऱ्यात लुकलुकणारी रेघ. दारावर पाटी आहे, कडी वाजते, आणि आत जमीनच नाही. तिनं ताईला फोन लावला. ताई सगळं ऐकून घेऊन, कधी नव्हे ते हळू आवाजात म्हणाली, “वर काही टाकलं नाही ना अजून? नुसतं फॉरमॅट केलं असेल तर खालचं खाली असतं बघ. निघेल थोडंफार.” तिनं बाहेर जाऊन विचारलं. “टाकले ना,” नवरा म्हणाला, “सगळे फोटो तिकडे टाकले आणि इकडचे काढून टाकले. भरलीच ती जवळजवळ. अगं, म्हणूनच तर केलं सगळं. काही चुकलं का? तुझं काही महत्त्वाचं होतं त्यात?” त्याच्या डोळ्यांत खरीखुरी काळजी होती. आता पहिलं चांगलं दिसतं, की दुसरं? घाबरू नका. “नाही,” ती म्हणाली. “काही नव्हतं.”

पण पेनड्राइव्ह खणातच होता. तो तिनं हातात घेतला आणि लावला. जिला जपायचं तिला आधी बाहेर काढायचं. या वेळी केबल काढायला ती उठली नाही. पडद्यावर दोन पट्ट्या आल्या, पहिली डिस्क, दुसरी डिस्क. तिनं दुसरी निवडली. साळूचे सगळे फोटो आता तिथंच होते, फक्त तिथंच; जगात दुसरीकडे कुठं नव्हते. या डिस्कवरचं सगळं पुसलं जाईल. पुढे जायचं? एक बोट. त्यानं न वाचता हो म्हटलं होतं. तीही म्हणू शकत होती. मला काय ठाऊक, त्यानंच विचारलं. बाहेर कप विसळल्याचा आवाज येत होता. आई शिवणाच्या मशीनवर बसली की पायाच्या तालावर काहीबाही गुणगुणायची, त्यातलं एक तिच्या ओठांवर आलं,

सवतीचा गं आरसा, किती घासू, किती पुसू
माझं तोंड बघताना, तिचं येई त्यात हसू

आईला सवत नव्हती. तिला विचारलं तर म्हणायची, “नव्हती म्हणून काय झालं? बाईच्या जातीला आरसा कुणाचा तरी आधीचाच मिळतो.” मशीनचा पाय चालूच असे. बोट तसंच ठेवून ती वाचत राहिली. पुढे जायचं? वाचलं की हो म्हणता येत नाही, ही त्यातली खरी अडचण. तिनं ‘मागे’ दाबलं. पेनड्राइव्ह उपसून खणात टाकला. आपण काही चांगलं केलं असं तिला मुळीच वाटत नव्हतं. एवढंच कळत होतं, की आता पुसायलाही आपलं असं काही उरलं नाही.

“झालं का तुझं?” नवरा हात पुशीत आत आला. तिच्या खुर्चीशेजारी स्टूल ओढून बसला. कधी असं बसत नसे. “सुरू कर की. दाखवतो तुला. मी एकटा बघत बसलो सकाळपासून, बरं नाही वाटलं.” तिनं मशीन सुरू केलं, आणि कुठलंच बटण दाबलं नाही. स्वागत, साळू. त्यानं डाव्या हातानं माउस घेतला. साळू समुद्राकडे पाठ करून उभी. साळू कुणाच्या तरी बाळाला उलटं धरून. साळू तापात, गळ्याशी पांघरूण, तरी जीभ बाहेर काढलेली. तो प्रत्येक फोटोला काहीतरी सांगत होता, मध्येच थांबत होता. इतका जवळ तो या टेबलाशी कधी बसला नव्हता. त्याच्या खांद्याची ऊब तिला लागत होती, आणि ती हलली नाही.

मग तो फोटो आला. हीच खोली. साळू जमिनीवर मांडी घालून बसलेली, पुढ्यात डबा उघडलेला, दातात स्क्रूड्रायव्हर, केस मोकळे, पाठभर. ती किंचित पुढे झुकली. इतके दिवस न आलेला चेहरा हा होता. “हा मीच काढला,” तो हसला. “ही दुसरी डिस्क बसवतेय बघ. मी म्हटलं, कशाला आणलीस? आहे तीच भरत नाही. तर म्हणाली, अरे, घरभर सगळं आपलं दोघांचं आहे, मला माझी एकटीची असू दे की थोडी जागा. वेडीच होती.” “मग?” तिचा आवाज तिलाच लांबून आला. “मग काय टाकलं त्यांनी तिच्यावर?” “कोण जाणे. संध्याकाळी बसायची खरी तासन्तास. सुरू करतानाच कुठलंसं बटण दाबत राहायची, तुझ्यासारखंच. मी लावला की मला आपलं नेहमीचंच दिसायचं. ती गेल्यावर एकदा बघितली होती मी ती डिस्क मुद्दाम, म्हटलं काही ठेवलंय का माझ्यासाठी.” त्यानं चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, पुन्हा घातला. “उघडलीच नाही. आत काही नव्हतंच गं. रिकामीच होती.”

राखाडी पट्टा. अनोळखी. तिच्या बोटाला अजून ते आठवत होतं, किती हलकं दाबलं गेलं होतं तेव्हा. यादीतली ती तिसरी ओळ, जिच्याकडे बघायचं नव्हतं, आणि तिच्या शेजारी आता तशीच काळी झालेली आपली ओळ. डब्यात, अंधारात, किरमिजी रबरानं बांधलेली केबल थरथरत असेल. डिस्क फिरत होती. त्याला सांगावं का? ही खोली, हा माणूस, त्याचा हा खांदा. सांगितलं तर तो काय करील? तो कोणासाठी रडेल? तिनं तोंड उघडलं. साळू दातात स्क्रूड्रायव्हर धरून तिच्याकडे बघत होती, जणू बोलता येत नव्हतं ते त्याच्यामुळेच.

“पुढचा दाखवू?” नवऱ्यानं विचारलं.

“हो,” ती म्हणाली.